भिंगाचं टोपडं

माणूस छत्री घेतो ती पावसात उघडायला आणि कॅमेरा घेतो तो फोटो काढायला, असा माझा आपला साधा समज होता. सुप्याच्या दवाखान्यातल्या आमच्या कंपाउंडरांनी तो पार मोडीत काढला. त्यांचा कॅमेरा होता झाकून ठेवण्यासाठी. आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर त्या रानातून हिंडलो. मी देवीची लस टोचणारा, ते क्विनाइन वाटणारे. एकच बैलगाडी, एकच कंदील, एकच जेवणाचा डबा. एवढ्या काळात त्यांनी फोटो किती काढले म्हणाल, तर दोन्ही हातांची बोटंसुद्धा पुरी लागायची नाहीत. झाकणं मात्र किती केली ते विचारू नका.

कॅमेरा तसा त्यांच्या घरी पाहुण्यासारखाच आला होता. कॅसलरॉकला रेल्वेचा एक गोरा साहेब हिवतापानं आडवा झाला होता. कंपाउंडर सतरा दिवस त्याच्या उशाशी बसले आणि त्याला उठवूनच परत आले. साहेब विलायतेला जाताना खुशीनं आपला खिशातला घडीचा कॅमेरा ह्यांच्या हातात ठेवून गेला. जाता जाता एवढंच म्हणाला म्हणे, की इथल्या पावसात भिंगाला बुरशी धरते, तेवढं जपा. झालं! दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मान हलवली असती आणि विसरून गेला असता. कंपाउंडरांना त्या साहेबानं जन्माचं काम लावून दिलं.

गंमत बघा, त्या कॅमेऱ्याला मुळात वेगळ्या झाकणाची गरजच नव्हती. पुढचं दार उघडलं की भाता बाहेर यायचा आणि भाता मिटून दार लावलं की भिंग आपोआप पेटीत जाऊन बसायचं. कासवानं मान आत घ्यावी तसं. हे मी त्यांना निदान शंभरदा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "देवीवाले, देवानं तुमच्या डोळ्याला पापणी दिली. ह्या डोळ्याला कोण देणार?" मला ते कधी नावानं हाक मारत नसत, नेहमी देवीवाले. "पेटी आहे की," मी म्हणायचो. "पेटी म्हणजे घर. घर आहे म्हणून माणूस काय पापण्या काढून ठेवतो?" मी विडी पेटवायचो, तर म्हणायचे, धूर तिकडं सोडा.

तर पहिली पापणी म्हणजे टोपडं. पातळ कातड्याचं, भिंगावर नेमकं बसेल असं, आतून काळी मखमल. ती मखमल बायकोच्या ठेवणीतल्या चोळीची होती. वहिनी स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांनी मला चहा देतादेताच ऐकवलं, "माझ्या डोक्यावर छत्री फाटलीय ती दोन पावसाळे तशीच आहे. त्या डबीला मात्र मखमलीची कुंची." कंपाउंडर तिथंच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुला पदर आहे."

टोपड्यानंतर पडवी आली. भिंगावर आडवं ऊन पडू नये, पावसाचा थेंब उडू नये म्हणून क्विनाइनचा डबा कापून त्यांनी एक आखूड नळी केली आणि आतून दिव्याची काजळी धरून काळी केली. साहेबलोकांत तिला काहीतरी नाव होतं, पण हे म्हणायचे पडवी. "घराला पडवी असते ना? तशी भिंगाची पडवी." मग पिवळी काच आली. भाजलेल्यावर लावायचं पिवळं औषध सरसात कालवून त्यांनी ते एका पातळ काचेवर ओतलं, सुकवलं आणि गोल कापून पडवीच्या तोंडात बसवलं. ह्या काचेमुळं फोटोत आभाळ उठून दिसतं, असं ते सांगत. खरी गोष्ट अशी, की भिंगापुढं आणखी एक काच आली ह्याचंच त्यांना सुख होतं. धूळ बसली तर हिच्यावर बसेल, ओरखडा पडला तर हिच्यावर पडेल. ह्या सगळ्यावर मऊ फलाणीन कापडाची पिशवी, पिशवीवर मेणकापड, आणि ते सगळं एका डब्यात भाजलेल्या तांदळांत पुरलेलं. भाजलेले तांदूळ ओल शोषून घेतात. एका पावसाळ्यात वहिनींनी चुकून त्या तांदळांचा भात टाकला आणि आम्ही दोघंही तो जेवलो. मला काही कळलं नाही. कंपाउंडर दुसऱ्या घासाला थांबले, उठले, डबा उघडून आले आणि परत पानावर बसून म्हणाले, "आज ओल आपल्या पोटात गेली."

ह्या सगळ्यांत मोठा नियम म्हणजे भिंग पुसायचं नाही. कधीच नाही. पुसणं म्हणजे घासणं. कण दिसला तर लहान मुलाच्या कानात औषध घालायची रबरी पिचकारी घ्यायची आणि लांबून हवा मारायची. ते चालू असताना मी श्वास रोखून बसायचं. "तुमच्या श्वासात वाफ असते," म्हणायचे. माझ्याच श्वासावर ह्यांची सत्ता!

अणशीच्या वाटेवरचा तो गवा मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळची वेळ, कोवळं ऊन, आणि वळणावर अगदी समोर हा एवढा गवा उभा. गाडीवान बैलांच्या नाकावर हात ठेवून उभा राहिला. गव्याला कसलीही घाई नव्हती. पान जुळवून, लावून, खाऊन व्हावं एवढा वेळ तो आमच्याकडे बघत होता. मी कंपाउंडरांना कोपरानं ढोसलं. त्यांनी डबा उघडला. तांदूळ बाजूला केले. मेणकापड सोडलं आणि, देवाशप्पथ सांगतो, त्याची नीट घडी घातली. पिशवीची नाडी सोडली. दार उघडलं, भाता ओढला, टोपडं काढून वरच्या खिशात ठेवलं. मग भिंगाकडे तिरकं बघितलं आणि पिचकारी काढली. पिचकारीचा फुस्स आवाज झाला, त्यासरशी गवा एकदा फुरफुरला आणि कारवीच्या झाडीत शिरला. मी कपाळावर हात मारला. कंपाउंडर म्हणाले, "गेला ना? बरंच झालं. कण होता."

कॅसलरॉकलाही तेच. घाट चढून आलेलं इंजिन धापा टाकत उभं होतं, फोटो काढावा असंच चित्र, पण कोळशाच्या कणांच्या भीतीनं ह्यांनी डबा बगलेतून खाली ठेवला नाही. "उघडं पडलं की बिघडलं, देवीवाले." मी त्या दिवशी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. ह्याच माणसाच्या ह्याच सवयीपायी त्या रानातली माणसं त्यांच्या हातचं औषध डोळे मिटून प्यायची. बाटली तीनदा धुवायचे. मात्रा मोजताना देव आला तरी मान वर करायचे नाहीत. औषध संपलं असेल तर संपलं म्हणून सांगायचे, पाण्यात रंग घालून वेळ मारून नेली नाही कधी. मला बघितलं की पोरंबाळं घेऊन बाया रानात पळायच्या. त्यांना बघितलं की परत यायच्या. तेव्हा मी नुसता वैतागलो असं नाही, थोडा जळलोही.

आता नंदिगड्ड्याची गोष्ट. ती सांगायची म्हणजे माझा मलाच थोडा बोल लावून घ्यावा लागतो, पण ती सोडली तर माणूस अर्धाच राहतो.

लढाईचे दिवस होते. नंदिगड्ड्यात एक घर मूळचं खानापूरकडचं होतं. दोन पिढ्यांमागं इकडं येऊन भातशेती करणारं. त्या घरातला एकुलता एक मुलगा पलटणीत गेला आणि पलटण गेली समुद्रापार बसऱ्याला, तुर्कांशी लढायला. तो गेला तेव्हा बायको पोटुशी होती. मुलगी झाली, ती आता रांगायला लागली होती. त्याचं पत्र आलं ते आम्ही गावात असतानाच. घरात वाचणारं कुणी नाही म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईनं ते माझ्या हातात दिलं. कुणा सोबत्याकडून लिहून घेतलेलं, चारच ओळींचं. बाकी खुशाली झाल्यावर शेवटी होतं, की इथं माणसं रोज कमी होतात, मला आईचं, बायकोचं आणि पोरीचं तोंड एकदा बघायचं आहे, फोटो धाडता आला तर धाडा.

मी वाचून दाखवलं.  सून दारामागं उभी होती, ती पुढं आली. "टोचणीवाले अण्णा, दाक्तर अण्णांच्याजवळ ती फोटूची डबी हाय म्हनं. एकडाव काढत्यात का इच्यारा की."

गावोगाव कंपाउंडरांना दाक्तरच म्हणत. मी विचारलं. मला वाटलं होतं, आता धूळ, ओल, वारं असं काहीतरी निघणार. पण ते लगेच म्हणाले, "काढू. परवा अणशीहून परतताना काढू. तोवर पोरीचं नाक पुसून ठेवा."

परवा आम्ही निघालो वेळेवर, पण वाटेत ओढ्यात गाडीचं चाक रुतलं. नंदिगड्डे यायला दुपार कलून गेली. डोंगरापलीकडे सूर्य तिथं लवकर जातो. अंगणात उन्हाची एक पट्टी उरली होती आणि तीही सरकत होती. सून कधीची तयार होऊन बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, कडेवर न्हाऊ घातलेली पोर. म्हातारीला नवं लुगडं नेसवलं होतं, ती त्यात अवघडून बसली होती.

आणि आमच्या कंपाउंडरांचं सुरू झालं. डबा, तांदूळ, मेणकापड, घडी. उखळ पालथं घालून त्यावर कॅमेरा ठेवला. पडवी बसवली. पडवीत पिवळी काच बसवली. मी उन्हाच्या पट्टीकडे बघत होतो. ती म्हातारीच्या पायांपर्यंत आली होती.

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं, तो गवा, ते इंजिन, माझा रोखलेला श्वास. मी म्हणालो, "पिवळी काच लावली की उजेड तिप्पट लागतो, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? पोर तेवढा वेळ हलल्याशिवाय राहील? तिकडं तो बसऱ्यात वाट बघतोय आणि तुम्ही इथं काचा चढवताय. काढा ती सगळी झाकणं. आज एक तरी फोटो उघड्या डोळ्यानं काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पोरीकडे बघितलं. ती आजीच्या पदराशी झोंबत होती. "बरोबर बोललात," ते म्हणाले. त्यांनी पिवळी काच काढली. पडवीही काढली. टोपडं आधीच खिशात होतं. भिंग उघडं झालं. मला काय आनंद झाला! शर्यत जिंकल्यासारखा.

सून हे सगळं बघत होती. तिनं विचारलं, "दाक्तर अण्णा, ह्ये काय हाय चकाकणारं?"

"हा डोळा," कंपाउंडर म्हणाले. "ह्याच्यातून तुझा नवरा तुला बघणार."

एवढं सांगून ते पावलं मोजायला वळले. कॅमेरा किती पावलांवर आहे ते बघून काटा लावायचा असतो. मी म्हातारीला बाकावर सरळ बसवत होतो. आमची दोघांचीही पाठ होती.

त्या घरात नवं काही आलं की त्याला हळदकुंकू लागतं. नांगर असो, म्हैस असो, गाडी असो. इथं तर नवऱ्याचा डोळाच अंगणात आला होता. तिनं करंड्यातलं मेण बोटावर घेतलं, भिंगाला लावलं आणि त्यावर कुंकू टेकवलं. कपाळाला लावतात तसं, नीट, वरच्या अंगाला, मुगाएवढं.

कंपाउंडर वळले. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला.  त्यांचा हात खिशात गेला आणि फलाणीनचा तुकडा घेऊन बाहेर आला. ज्या माणसानं इतकी वर्षं ते भिंग पिचकारीच्या हवेशिवाय कशानंही साफ केलं नव्हतं तो पुसायला निघाला होता, आणि पुसायलाच हवं होतं, मेण होतं ते.

हात अर्ध्यावर थांबला. सून त्या हाताकडे बघत होती. बाकावरची म्हातारीही बघत होती.  नवरा लढाईवर असलेल्या बाईनं लावलेलं कुंकू, तिच्याच अंगणात, तिच्याच डोळ्यांदेखत एक परका पुरुष फडक्यानं पुसणार. मला ते त्या क्षणाला कळलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

त्यांनी फडकं परत खिशात ठेवलं. "जा, आईपाशी बस," ते म्हणाले. "पोरीला मांडीवर घे. माझ्याकडे बघ. हां." आणि कळ दाबली. उन्हाची पट्टी तेव्हा म्हातारीच्या गुडघ्यावर होती.

आम्ही परत निघालो.  टोपडं त्यांनी भिंगावर घातलं नाही, कारण मखमल कुंकवाला लागली असती. भाता हळूच मिटला, दार लावलं आणि डबा मांडीवर धरून बसले. चाक दगडावरून गेलं की डबा उचलून धरायचे.

फोटो त्यांनी औषधांच्या कोठीत, दारंखिडक्या गोधड्यांनी बुजवून धुतला. बाहेर आले तेव्हा ओला कागद चिमटीत होता. माणसं ओळखू येत होती, नाही असं नाही. कुंकवाचा ठिपका कुठं दिसत नव्हता, पण मेणामुळं सगळ्यावर एक पांढरट पडदा आला होता. म्हातारी, सून, पोर, मागचं घर, सगळं धुरात बसल्यासारखं. मी म्हणालो, "परत जाऊन दुसरा काढू." ते म्हणाले, "ह्याच भिंगातून ना? मग असाच येणार." आणि त्यांनी तो पाकिटात घालून बसऱ्याच्या पत्त्यावर धाडला.

मला वाटलं, आता तरी पुसतील. कुठलं काय! त्यांनी एक बाटलीचं मोठं बूच घेतलं, आतून कोरलं आणि भिंगावर असं बसवलं, की आतल्या कशालाही ते शिवणार नाही. नवं टोपडं झालं. फरक एवढाच, की आता टोपड्याखाली भिंग नव्हतं जपायचं, कुंकू जपायचं होतं.

मी समजावलं. "मेणावर बुरशी धरेल. काच जाईल. तुम्हालाच माहीत आहे." ते म्हणाले, "माहीत आहे." मी म्हणालो, "मग इथं सुप्यात पुसा ना. तिला नंदिगड्ड्यात काय कळतंय?"

"ती बाजारच्या दिवशी येणार आहे बघायला, मला सांगितलंय तिनं," ते म्हणाले.

आणि खरंच आली. पावसाळा लागला तशी बसऱ्याची पत्रं बंद झाली. आधी दोन महिने, मग चार. सून पहाटे निघून बाजाराला सुप्याला यायची. ओली होऊन दवाखान्याच्या पायरीशी उभी राहायची. औषध नको असायचं. विचारायची, "हाय न्हवं?"

"हाय," कंपाउंडर म्हणायचे. बाकी कुणाशी ते असं बोलत नसत, फक्त तिच्याशी. मग डबा काढायचे, तांदूळ बाजूला करायचे, दार उघडायचे, बूच काढायचे. ज्या माणसानं गव्यासाठी झाकण वेळेत काढलं नाही तो ह्या बाईसाठी दर आठवड्याला, भर पावसाळी हवेत, भिंग उघडं करून धरायचा. ती बघायची, "बरं" म्हणायची आणि जायची. परतीच्या वाटेला लागताना तिची चाल जरा बदललेली असायची, हे मी खिडकीतून बघितलेलं आहे.

एकदा मी न राहवून म्हणालो, "गेल्या बाजारी ते कुंकू निम्मं झडलं होतं. तुम्ही काय, वरून नवं लावणार की काय?"

ते भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. "ती हाय का विचारते आणि मी हाय म्हणतो. ते खोटं निघालं तर उद्या माझ्या बाटलीतलं औषध कुणी कशाला पिईल?" मग आवाज खाली आला. "झडलेलं नाही. बुरशीनं झाकलंय. खाली आहे."

पहिल्या पावसाळ्यात भिंगावर सुतासारखे धागे आले. दुसऱ्यात जाळं झालं. कंपाउंडरांच्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच काळात झालं. वहिनींनी एकच मागणं घातलं, पोरीचा एक फोटो काढा, कसाही येऊ दे. त्यांनी काढला नाही. होमाचा धूर, गर्दी, कुणाचा धक्का लागला, कुंकू पडलं तर? वहिनी मांडवात रडल्या त्या मुलगी जाते म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मला माझीच लाज वाटली. पिवळी काच राहू दिली असती तर कुंकू त्या काचेला लागलं असतं. काच काढून बाजूला ठेवली असती, भिंग जसंच्या तसं राहिलं असतं, वहिनींच्या पोरीचा फोटो झाला असता. हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण एकदाही, वैतागून, भांडणातसुद्धा, त्यांनी मला ते ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माणसाला एवढं छळू नये कुणी.

लढाई संपली. माणसं परतू लागली. आणि एका बाजारच्या दिवशी पायरीशी दोघं उभी राहिली. तो काठी टेकत चालत होता, तापानं पार वाळला होता, पण होता. कंपाउंडरांनी औषधाची बाटली खाली ठेवली, मात्रा अर्धवट मोजलेली असताना. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं छातीशी ठेवलेली पत्र्याची डबी उघडली आणि आतून फोटो काढला. कोपरे झिजलेले होते. "दाक्तर अण्णा, ह्येच्यावर जगलो बघा. तिकडं नुसती वाळू आन् ऊन. समद्यास्नी दाखवायचो, ह्ये आमच्या गावचं धुकं. सकाळी उठलं की असंच अस्तंय, माणूस माणसाला दिसत न्हाई. माझ्या आईच्या मागं बघा कसं दाटलंय. लोकं इस्पितळात मागून घेऊन बघायची."

कंपाउंडरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. धुकं म्हणे.

मग मी घसा साफ केला, कारण दुसरं कुणी बोलणार नव्हतं. "झालं एकदाचं. आला ना घरी? आता ते भिंग पुसून टाकू." मी डबा काढला, मीच उघडला, बूच मीच काढलं. फडकं सुनेपुढं धरलं. "तूच लावलंस, तूच पूस."

ती दोन पावलं मागं सरली. "म्या? म्या कशी पुसू? धनी समोर उभं हाईत."

मी फडकं नवऱ्याकडे केलं. त्यानं हात मागं घेतले. "मी जिता हाय की वो अण्णा. मग बायकोचं कुंकू का म्हणून पुसायचं?"

मी उभाच. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस जिवंत परत आला होता, आणि नेमका म्हणूनच आता ते कधीच पुसता येणार नव्हतं. ह्या लोकांपुढं डोकं आपटावं की काय करावं! मी आशेनं कंपाउंडरांकडे बघितलं. ते मान हलवत होते, एखादी मात्रा बरोबर जमल्यासारखी. "खरं आहे," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं बूच घेतलं, हलकेच बसवलं, भाता मिटला, दार लावलं, आणि डबा तांदळांत पुरला. मग अर्धवट राहिलेली मात्रा पहिल्यापासून मोजायला लागले.

त्यांची बदली झाली तेव्हा कॅमेरा त्यांनी मला दिला. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "नंदिगड्डे तुमच्या वाटेवर आहे, माझ्या नाही आता." डब्यात पिवळी काचही होती, कागदात गुंडाळलेली. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: लावून ठेवा. आता घाई नाही. एवढंच. त्या दुपारबद्दल ते मला जे काही बोलले ते हेच, आणि तेही लिहून.

पुढं पत्र आलं ते कंपाउंडरांचं नव्हतं, वहिनींचं होतं, ते गेल्याचं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

मागच्या बाजारी नंदिगड्ड्याचा एक गडी भेटला. मी विचारलं, ती दोघं कशी आहेत? बरी आहेत, म्हणाला. त्याची काठी सुटली, पोरीचं लगीन झालं, म्हातारी गेली. सुनेच्या कपाळाला अजून हे एवढं कुंकू. म्हणजे माझी काही सुटका नाही.

बूच जुनं होऊन भुसभुशीत झालं होतं, म्हणून काल मी नवं कोरायला बसलो. चाकू बोटाला लागला. बायको म्हणाली, "त्या मेल्या डबीत आता राहिलंय काय जपण्यासारखं?" मी तिच्यावर ओरडलो, वाकून बघू नकोस, श्वासात वाफ असते. मग मीच श्वास रोखून भिंग उजेडात धरलं. काच पांढरी झालीय, जाळ्यावर जाळं चढलंय. पण वरच्या अंगाला, जाळ्याच्या खाली, मुगाएवढं, हाय.